पहिला रिमोटचा ट्रक: घेतला कोणासाठी आणि चालवला कोणी?

गवती_चहा
दसऱ्याआधी आईकडे माळा आवरायला गेले होते. पितळेचे डबे, फुटकी बरणी, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला पत्र्याच्या पात्यांचा कसलातरी इवलासा पंखा, आणि ट्रंकेत जुन्या साड्यांखाली एक रिमोट. ट्रक नाही, नुसता रिमोट. एरियल ओढलं तर अजून पूर्ण बाहेर आलं, टोकाची गुंडी तेवढी गेलीय. मागचं झाकण उघडलं तर आतली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी फुगून हिरवी झालेली.

१९९१ची गोष्ट असेल. मामा मस्कतला होता, त्याने दादासाठी आणलेला. पिवळा ट्रक, मागे हौदा. शोकेसमध्ये असायचा, पाहुणे आले की खाली उतरायचा. दादा चालवायचा आणि मी पुढे पळत जाऊन सतरंजीची दुमडलेली कड सरळ करायची. तेच माझं काम. रिमोट एकदाही हातात मिळाला नाही. परवा माळ्यावर बसून ते दोन दांडे पुढे-मागे करत बसले होते, खालून आई ओरडतेय "अगं डबे दे!"

तर लेक दिवाळीत सहा वर्षांची होतेय आणि तिला ट्रक हवाय. "माती भरता येईल असा." सासरी एकीने विचारून झालं, मुलीला ट्रक कशाला. असो. दुकानात गेले तर सातशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत. डोकं गरगरलं. तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी.

खटपट्या
फसलेला मीच. मुलगा पाच वर्षांचा असताना "घ्यायचं तर चांगलं घेऊ" म्हणून १:१० मापाचा (खऱ्या गाडीच्या एक दशांश), ताशी ४० किमी पळणारा घेतला. पार्किंगमध्ये पहिल्यांदा खाली ठेवला, पोराने ट्रिगर पूर्ण दाबला, ट्रक सरळ खांबावर. एकूण चालला असेल चार सेकंद. पुढचं चाक धरणारा आर्म तुटला, पोरगं रडायला लागलं, आणि वॉचमनकाका म्हणाले "साहेब, मोठ्याला घेतलाय की छोट्याला?"

शिकलो ते असं. लहान मुलाला वेग नको, ताकद द्या. क्रॉलर म्हणून प्रकार मिळतो, माणसाच्या चालीने जातो, पण दगडावर, चपलांच्या ढिगावर, झोपलेल्या बाबांवर चढतो. आपटला तरी हळू आपटतो.

दुसरं म्हणजे दुकानात रिमोट हातात घेऊन चाक अर्धवट वळतंय का बघा. स्वस्तातल्यात स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही. मुलं त्याला कंटाळतात आणि आपल्याला वाटतं मुलालाच गोडी नाही.

साबुदाणा_वडा
मस्कतचा मामा सगळ्यांनाच होता का? आमचा दुबईचा काका. टँगचा डबा, निव्हियाची निळी डबी आणि एक रिमोटची गाडी. गाडीला हात लावायची परवानगी फक्त काकाला. तो परत गेला की वर्षभर प्लॅस्टिकच्या पिशवीत.

उगाच_एक
प्रामाणिकपणे सांगा, ती चौकोनी बॅटरी जिभेला लावून कोणी कोणी बघितलीय?

साबुदाणा_वडा
✋

खटपट्या
✋ दर रविवारी

आबा_नाशिककर
आम्ही गिरगावात चाळीत राहायचो तेव्हाचा किस्सा. त्या काळातली बहुतेक खेळणी २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीवर, म्हणजे दोघांकडे सारखीच असली की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची पण चालणार. आमचा ट्रक रात्री कपाटाखाली, बटण बंद करायचं राहून गेलेलं. खालच्या मजल्यावर त्याच दिवशी एका पोराला मुंजीत तसलाच मिळाला. रात्री साडेदहाला कपाटाखालून घर्रर्र करत ट्रक बाहेर आला, भिंतीला थडकला, मागे गेला, परत थडकला. आजीने रामरक्षा सुरू केली. वडिलांनी झाडू उचलला. सकाळी उलगडा झाला, पण आजीने त्या ट्रकला नंतर कधी घरात झोपू दिलं नाही, गॅलरीतच असायचा.
आता २.४ गिगाहर्ट्झ आलंय, रिमोट आणि गाडी आपापसात जोडी जुळवतात. दहा गाड्या एकत्र चालवा. खोक्यावर २.४ लिहिलंय का बघून घ्या, गवती.

गवती_चहा
आबा, रामरक्षा 😂😂 ऑफिसात बसून हसतेय

रेवाची_आई
मुलीला ट्रक कशाला म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. रेवाला चौथ्या वाढदिवसाला घेतला. तिने रिमोट बाजूला ठेवला आणि परकराची नाडी काढून ट्रकला बांधून ओढत फिरली. म्हटलं अगं बटण दाब. तर म्हणे "मग तो आपला आपण जातो, माझ्यासोबत येत नाही." दोन वर्षं नाडीवरच चालला. आता आठची आहे, आता रिमोट. चार वर्षं खूप लवकर होतं असं माझं मत. सहा ठीक.

स्क्रूड्रायव्हर_आणि_चहा
माझं छोटं दुकान आहे, खेळणी दुरुस्तीला पण येतात. दहातल्या सहा गाड्या "बंद पडली" म्हणून येतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. मागचं चाक काढायचं, आत आसाला घरातल्या बायकांचे केस, सतरंजीचे दोरे, कधी मांजाचा तुकडा, इतका घट्ट गुंडाळलेला की काळी रीळच वाटते. चिमटा आणि ब्लेडने पाच मिनिटांत निघतं. तसंच चालवत राहिलं तर मोटर अडकून तापते, मग जळका वास, मग मात्र खर्च.
दुसरं, मोटरच्या टोकाचं ते मुगाएवढं दातेरी चक्र. पांढरं प्लॅस्टिक असतं, त्याला केसाएवढी चीर जाते. मोटर फिरते, आवाज येतो खर्रर्र, गाडी हलत नाही. नवीन चक्र अगदी किरकोळ पैशात, पण दात मोजून आणा. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारायचं, याचे सुटे भाग मिळतात का. "नवीनच घ्या ना" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. (मी तसं म्हणत नाही 😀)

उगाच_एक
"घरातल्या बायकांचे केस" याला माझा आक्षेप. आमच्या ट्रकमध्ये सासऱ्यांचे निघाले. होते तेवढे सगळे.

फणस_कोकणी
दापोलीजवळ मुरूडच्या समुद्रावर नेला होता भाच्याचा ट्रक. ओल्या वाळूत काय पळाला! लाटेला शिवून आला दोनदा, सगळे टाळ्या. खोक्यावर "वॉटरप्रूफ" लिहिलेलंच होतं. घरी येऊन तसाच ठेवला. चार दिवसांनी बघतो तर बेअरिंग लाल, स्क्रू फिरेनात. पाण्याला तो तयार होता हो, मिठाला नव्हता. समुद्रावर न्यायचाच तर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पंख्याखाली वाळवा आणि तेलाचा थेंब. किंवा नेऊच नका, भेळ खा.

बाय द वे मुरूडला हल्ली गर्दी वाढलीय का? डिसेंबरात जायचंय.

साबुदाणा_वडा
लाडघरला जा त्यापेक्षा.

फणस_कोकणी
लाडघरला आमची आत्या असते, म्हणूनच मुरूड 😶

अर्धा_कप
बॅटरीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून घाईत लिहिते, कुकर लावलाय. एका दुकानातून (नाव लिहीत नाही) घेतलेल्या ट्रकची लिथियम बॅटरी तिसऱ्या महिन्यात उशीसारखी फुगली. रात्री चार्जिंगला लावून झोपायची सवय, चूक आमचीच म्हणाले. परत घेतली नाही. दिराने कुंडीतल्या कोरड्या वाळूत पुरून गच्चीत ठेवली आणि मग ई-कचऱ्यात दिली. तेव्हापासून नियम: चार्जिंग आपण जागे असताना, फरशीवर, गादीवर नाही. खेळून आल्यावर गरम असेल तर अर्धा तास थांबायचं. आणि बॅटरी मुलांच्या हातात द्यायचीच नाही, ते काम मोठ्यांचं.
आता दुसऱ्या ट्रकला निकेल मेटल हायड्राइड घेतलीय. जड आहे, दम कमी आहे, पण मला झोप लागते.
शिट्टी झाली

खटपट्या
अर्धा_कप +१. लहान मुलांसाठी तीच बरी. आणि पेन्सिल सेलवर चालणारा घेणार असाल तर सेलचा हिशेब आधी करा. ट्रकला सहा, रिमोटला दोन. आमच्याकडे महिनाभरात सेलचा खर्च ट्रकच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला. चार्जिंगचे सेल घ्या. ते दीड व्होल्टऐवजी १.२चे असतात, एखादी गाडी किंचित मंद वाटते. सहा वर्षांच्या मुलीसाठी मंद म्हणजे उत्तमच.

न्यूजर्सीकर_नाना
भारतात येताना पुतण्यासाठी ट्रक आणला. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, टोकांना चिकटपट्टी लावून. मला माहीत होतं, बायकोला नव्हतं, तिने बॅग नीट भरायच्या नादात बॅटरी लोणच्याच्या बरणीशेजारी मोठ्या बॅगेत टाकली. काउंटरवर बॅग उघडून अख्ख्या रांगेसमोर लोणचं, मेथीचे ठेपले (तिकडून इकडे ठेपले का आणत होतो ते विचारू नका) आणि तळाला बॅटरी.

उगाच_एक
ठेपले का आणत होतात?

न्यूजर्सीकर_नाना
प्रवासात खायला. हातातल्या बॅगेत बॅटरी असणार होती ना.

गुणिले_शून्य
इकडे किमती जास्त का म्हणून कोणी कुरकुरण्याआधी: खेळण्यांवरची आयात जकात २०२०च्या बजेटमध्ये २०वरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा. स्वस्त माल घेताना तो शिक्का बघा, बरेच ठिकाणी नसतो.
आणि थोडं अवांतर. रेडिओवर चालणारी पहिली गाजलेली वस्तू ट्रक नव्हती, होडी होती. निकोला टेस्लाने १८९८मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत चालवून दाखवली.

साबुदाणा_वडा
आणि टेस्लाच्या बहिणीला रिमोट दिला होता का?

निवांत_बुवा
मुलांची खरी अडचण वेगळीच असते. ट्रक लांब जातो तोवर सगळं बरोबर. तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागला की डावं-उजवं उलटं होतं. नातू रडकुंडीला येई, "आजोबा, हा ऐकत नाही." मी त्याला ट्रकच्या मागून चालायला लावलं. ट्रक जिकडे वळेल तिकडे आपणही वळायचं, नजर कायम हौद्यावर. आठ दिवस आम्ही दोघं सोसायटीत ट्रकमागून वरातीसारखे चाललो. माझी शुगर २० ने उतरली. मग एक दिवस तो जागेवर उभा राहून चालवायला लागला आणि मला घरी जा म्हणाला.

रेवाची_आई
बुवा 🥹

मातीचा_मावळा
माती भरायची आहे ना तिला, मग दिवाळीच्या आधी घ्या आणि किल्ल्यावर कामाला लावा! आमच्या पोरांनी मागच्या वर्षी राजगड केला. सुवेळा माचीची सगळी माती जिन्याखालून ट्रकने. एका खेपेत दोन मुठी. तीन दिवस लागले, बादलीने वीस मिनिटांचं काम. कोणी बादलीला हात लावला की भांडण.
फक्त आपोआप उलटणारा हौदा असेल तर ओली माती भरू नका, उचलायची मोटर लहान असते, आतले दाते झिजतात. आमचा हौदा अर्ध्यात अडकलाय तो अजून तसाच. हाताने उलटणारा साधा हौदा टिकतो.

खटपट्या
मावळा म्हणतो ते बरोबर. गवती, डब्ल्यूपीएल कंपनीचा डी-१२ ट्रक बघा जमलं तर. १:१० मापाचा, जपानी सुझुकी कॅरीच्या तोंडवळ्याचा, म्हणजे आपल्या छोटा हत्तीचा चुलतभाऊ. स्टिअरिंग अर्धवटही वळतं, सुटे भाग ऑनलाइन मिळतात. डोंगर चढणार नाही, मागच्या दोनच चाकांवर चालतो. माती वाहील. आमच्या दुसऱ्याला तोच घेतला आणि मागे रंगाने "हॉर्न ओके प्लीज" लिहून दिलं. लिंबू-मिरची पण आहे.

अर्धा_कप
लिंबू-मिरचीचा दोरा चाकात जाईल हो!

स्क्रूड्रायव्हर_आणि_चहा
गेला की आणा माझ्याकडे.

गवती_चहा
सगळ्यांना धन्यवाद, उशिरा लिहितेय, फराळात अडकले होते. छोटा हत्तीचा चुलतभाऊच घेतला. निळा. पहिल्या दिवशी कुंडीतली माती दिवाणखान्यात आली, दुसऱ्या दिवशी आजीच्या गोळ्यांची पाकिटं स्वयंपाकघरातून तिच्या खुर्चीपर्यंत. वळताना अजून सोफ्याला लागतो. बुवांच्या सांगण्याप्रमाणे मागून चालतेय ती, आणि तिच्यामागे मी.

भाऊबीजेला दादा आला होता. त्याला तो जुना रिमोट दाखवला आणि विचारलं, ट्रक कुठे गेला रे? आधी काहीच बोलेना. मग म्हणाला, आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मीच उघडला. मोटर काढून पंखा केला. आईला सांगितलं चोरीला गेला. बक्षीस मिळालं नाही.
म्हणजे माळ्यावरचा तो पंखा!! मी तो भंगारवाल्याच्या पिशवीत टाकलाय.

आबा_नाशिककर
अगं काढ तो आधी!

गवती_चहा
आईला फोन केला. भंगारवाला उद्या येणारे. वाचला.

स्क्रूड्रायव्हर_आणि_चहा
दोन पेन्सिल सेल लावून बघा. नाही फिरला तर हाताने पातं थोडं ढकला, इतक्या वर्षांत आत कार्बन धरला असेल.

उगाच_एक
आणि ती हिरवी झालेली बॅटरी जिभेला लावू नका म्हणजे झालं.