गावातल्या पोरींसाठी पुस्तकं कोणती, आणि वाचायला वेळ कुठून काढायचा?

कडुनिंब यांचा प्रश्न

दारव्हा तालुक्यातलं गाव. बचत गटाच्या खोलीत एक लोखंडी कपाट रिकामं झालंय, तिथे पुस्तकं ठेवायची आहेत. वाचणाऱ्या अकरा जणी, वय 17 ते 25. चौघी एसटीनं कॉलेजला जातात, तिघी पोलीस भरतीच्या तयारीत आहेत, चौघींची लग्नं झाली आहेत आणि त्यातल्या दोघींना लहान लेकरं आहेत. वाचता सगळ्यांना येतं, पण क्रमिक पुस्तकाबाहेरचं फारसं हातात आलेलं नाही. हाताशी 3000 रुपये आहेत.

थोर पुरुषांच्या चरित्रांचा एक गठ्ठा आधीच देणगीत आलाय. त्याची दोरीही कोणी सोडली नाही. तेव्हा पहिली पुस्तकं कोणती घ्यावीत? आणि घरचं, वावरातलं काम सांभाळून वेळ कसा बसवावा? ‘रोज अर्धा तास वाचा’ हे सांगून झालंय, आठ दिवसही टिकलं नाही.

---

डवरणी

ताई, ‘रोज अर्धा तास’ टिकणार नाहीच. आपल्याकडे दिवस घड्याळावर चालत नाही, हंगामावर चालतो. वेळापत्रक करायचंच तर वर्षाचं करा.

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की नवीन पुस्तक हाती देऊच नका. दिवाळीपासून कापसाची वेचणी. तिथे मजुरी किलोवर असते, म्हणून दुपारी कोणी दहा मिनिटंही जास्त बसत नाही. तेवढी मजुरी बुडते. निंदणाचं तसं नाही. निंदण रोजानं असतं आणि जेवणाची सुट्टी ठरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये बांधावर डबे उघडले की एकीनं आधी जेवून घ्यायचं आणि बाकीच्यांना वाचून दाखवायचं. मोठ्यानं वाचताना एका पानाला अडीच ते तीन मिनिटं लागतात, म्हणजे वीस मिनिटांत सात पानांची गोष्ट होते. कादंबरी तिथे चालत नाही, कारण उद्या त्याच बाया त्याच वावरात असतील याचा भरवसा नसतो. कथा किंवा लेख एका बैठकीत संपणारा हवा.

खरा हंगाम उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात बारा ते चार दार लोटलेलं असतं, बाहेर पाखरू दिसत नाही. आणि त्याच दिवसांत कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे चालू असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. अख्खी कादंबरी ऐकून संपवायची तर हेच दोन महिने. फक्त लगीनसराईच्या तिथी बघून घ्या, त्या आठवड्यात कोणी येत नाही.

कॉलेजवाल्यांचा वेळ बसमध्ये कमी आणि थांब्यावर जास्त असतो. हलत्या गाडीत बारीक टाइप वाचलं की डोकं दुखतं, मळमळतं, मग पोरी पुस्तकालाच दोष देतात. पुस्तक थांब्यावर उघडायचं आणि गाडी आली की पिशवीत टाकायचं.

भरतीवाल्या तिघींच्या घरून ‘अभ्यास सोडून हे काय’ असं येईल. त्यांना रात्री वाचायला सांगू नका. पहाटेचं मैदान, दिवसभराचा अभ्यास, रात्री डोळे मिटतातच. सकाळी धावून आल्यावर आंघोळीआधी पंधरा मिनिटं अंग निवतं, तेवढीच त्यांची. पानाला तीन मिनिटं धरली तर रोज पाच पानं. सव्वाशे पानांचं पुस्तक पंचवीस दिवसांत होतं.

---

जुनी बाइंडिंग

वेळेचं वर आलंय, मी पुस्तकांवर बोलतो.

आधी एक चूक सांगतो. आपल्याला जे आवडलं ते आपण देतो, आणि बहुधा ते आपण पन्नाशीत वाचलेलं असतं. विशीतल्या मुलीला पहिलं पुस्तक असं हवं की त्यातली बाई तिला ओळखीची वाटली पाहिजे, किंवा निदान तिची बोली तरी. म्हणून मी सुरुवात उद्धव शेळक्यांच्या ‘धग’पासून करीन. 1960 सालची कादंबरी, अमरावतीकडचं खेडं, संवाद अस्सल वऱ्हाडी. कौतिक नावाची बाई नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि गरिबीशी झुंजते. पुण्याकडच्या वाचकाला ती बोली अडते, तुमच्या पोरी ती धडाधडा वाचतील. पण शेवट जड आहे. बाळंतीण असेल किंवा घरात दुखवटा असेल तर थोडं थांबा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुस्तक सुचवणारे शेवटाबद्दल बोलतच नाहीत आणि मग ती मुलगी दुसरं पुस्तक मागत नाही.

लग्न झालेल्या चौघींसाठी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग 1934 चा. जाड आहे म्हणून घाबरू नका, छोट्या छोट्या प्रसंगांची माळ आहे, कुठूनही उघडा. शाळेत न गेलेली बाई, नवरा तऱ्हेवाईक, सासरा कडक, आणि ती हे सगळं हसत सांगते. नागपूर आणि राजनांदगाव त्यात येतं, नावं ओळखीची लागतात. याचा मोठा गुण असा की ते सासूला वाचून दाखवता येतं. म्हातारी सोवळ्याच्या गोष्टीला हसली की सून पुस्तक घेऊन बसली तरी घरात कोणी बोलत नाही.

ताराबाई शिंदे आपल्या वऱ्हाडातल्याच, बुलढाण्याच्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 सालचं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून पेटून लिहिलेलं. आकारानं लहान, पण वाक्यं लांबच लांब आणि भाषा जुनी, एकटीनं वाचली तर तिसऱ्या पानावर सुटतं. तिघी-चौघींनी बसून, दोन-दोन पानं, मोठ्यानं. तो मजकूर भांडणाच्या सुरात आहे, त्याच सुरात वाचला की आपोआप समजतो.

आत्मकथनांत बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आधी द्या, उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (2003) नंतर. पहिलं आटोपशीर आहे आणि एकटीपेक्षा अख्ख्या वस्तीबद्दल बोलतं. दुसरं मोठं आहे, त्यात शिक्षण, नोकरी, लग्नानंतरची घुसमट येते; कॉलेजवाल्यांना ते जास्त भिडेल. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ (1981) मिळालं तर सोडू नका. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते आणि शिकवते, त्यात काय काय आडवं येतं ते सगळं आहे. भरतीवाल्या तिघींना मी हेच देईन.

कथांमध्ये विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’, 1933. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या कथा. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आजही घरच्या घरी मोठ्यानं वाचण्यासारखं नाही, ज्याचं त्यानं वाचावं.

आणि सगळं दुःखाचंच देऊ नका हो! ही तक्रार रास्त असते: बायकांना द्यायची पुस्तकं म्हटली की रडणंच. राणी बंग यांचं ‘गोईण’ घ्या, गडचिरोलीकडच्या बाया आणि झाडं यांच्या मैत्रीचं. झाडागणिक वेगळा मजकूर, बांधावर वाचायला नामी. मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ तसंच. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) मात्र एकदम देऊ नका. चैत्रापासून महिन्यागणिक एकेक लेख आहे, तर ज्या महिन्यात आहात तोच वाचायचा. भाषा दाट आहे, एका बैठकीत दोन लेख झेपत नाहीत.

पुस्तक देताना ‘छान आहे, वाच’ म्हणू नका. पान सांगा. ‘हे चाळीस ते बेचाळीस वाच, आवडलं तर परत ये.’ प्रस्तावना नेहमी शेवटी. मराठी पुस्तकांना वीस-वीस पानांच्या प्रस्तावना असतात आणि नवखी वाचणारी तिथेच गळते.

---

उधई

पुस्तकं सांगून झाली, पण ती टिकतीन कशी हे कोणी सांगितलं नाही बाप्पा!

ताई, कपाट भिंतीले चिकटून ठेवू नका. चार बोटं सोडा, पायाखाली विटा द्या. लोखंडाले उधई, म्हंजे वाळवी, लागत नाही, पण भिंतीवरून मातीची नळी करून मागच्या फटीतून आत येते. पंधरा दिवसांनी मागून पाहत जा. पावसाळ्यात पुस्तकं गच्च बसवू नका, बोट शिरंल इतकी ढील ठेवा, नाहीतर बुरशी धरते. ओलं झालं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतेत. पंख्याखाली उभं करून ठेवा, मधात मधात कोरे कागद घालून. कडुनिंबाचा पाला ठेवता तर कडक वाळवून ठेवा, ओल्या पाल्यानं डाग पडते.

फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. वर्षभरात पिवळी पडते, खालचा कागद घेऊन निघते. पतंगाचा पातळ कागद अन् मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं तेच खातेत. मोरचूद विषारी हाये, लेकरांपासून दूर, अन् ते भांडं सैपाकात वापरू नका.

वहीत चारच रकाने: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. दंड ठेवू नका. दंड ठेवला की पोरगी पुस्तक उशिरा आणाच्या ऐवजी आणतच नाही, वरून येणंही बंद करते. एक आणल्याशिवाय दुसरं नाही, एवढंच पुरते. वेचणीच्या दिवसात मुदत महिन्याची, एरवी पंधरा दिवस.

---

कडुनिंब

सगळ्यांचे आभार. दोनच शंका. 3000 रुपयांत कपाट भरावं, की मोजकीच घ्यावीत? आणि फोनवर वाचण्यासारखं काही रीतसर, फुकट मिळतं का? ग्रुपवर कोणीतरी नव्या पुस्तकांच्या फायली टाकतं, त्या नको वाटतात.

---

जुनी बाइंडिंग

कपाट भरायच्या फंदात पडू नका. दहा-बाराच घ्या, आणि त्यातलं एक, समजा ‘धग’, दोन प्रतींत. दोघी एकाच वेळी वाचतील तर बोलणं होतं, आणि बोलणं झालं की तिसरी मागते. दोनेकशे रुपये कव्हरांसाठी बाजूला काढा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात विचारा. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव लागला तर तिथे हाताळून घ्या: टाइप बारीक असेल तर ते ठेवा परत, चिमणी-बल्बच्या उजेडात ते कोणी वाचणार नाही. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचंही सभासदत्व एकीच्या नावानं घ्या. जी कॉलेजला रोज जाते तिच्याच, म्हणजे बदलून आणायचा हेलपाटा वाचतो. अनामत सभासदत्व सोडताना परत मागता येते, पावती जपा.

फोनचं: साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची पुष्कळ पुस्तकं मोफत उतरवता येतात. बालभारतीनं ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक मोफत ठेवलेत, मासिक मुलांचं म्हणून नाक मुरडू नका, दहावीनंतर वाचन तुटलेल्यांना त्यातल्या दोन-दोन पानांच्या कथा बरोब्बर बसतात. मराठी विकिस्रोतावरही जुनी पुस्तकं आहेत.

कायद्याचं साधं गणित: लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. लक्ष्मीबाई 1936 ला गेल्या, साने गुरुजी 1950 ला, त्यांचा मूळ मजकूर आता मोकळा आहे. नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र मोकळ्या असतीलच असं नाही. ‘आयदान’, ‘रानवाटा’ या फायली ग्रुपवर आल्या तर पुढे पाठवू नका, ती विकतच घ्यायची.

---

डवरणी

एक भर. स्कॅन केलेली पानं फोनवर बारीक दिसतात. फोन आडवा धरायचा आणि पान रुंदीला बसवून वरून खाली सरकवायचं, मोठं करून डावी-उजवीकडे ओढत बसलं की ओळ हरवते. फाइल तालुक्याला चांगली रेंज असताना उतरवून ठेवायची आणि वाचताना डेटा बंद. नाहीतर तिसऱ्या ओळीला रील सुरू झालेलं असतं.

---

उधई

अन् त्या चरित्राच्या गठ्ठ्याची दोरी सोडा, ताई. पावसाळ्यात दोरीखाली कसर सर्वात आधी लागते.