मदत हवी आहे : सासूबाईंच्या स्नायूंची झीज, गुडघेदुखी असताना ताकदीचे व्यायाम कसे सुरू करावेत?

सासूबाई ७४ वर्षांच्या, कराडला असतात. वजन ४८ किलो, त्यात फारसा फरक नाही, पण मांड्या-पोटऱ्या पार काड्या झाल्यात. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, बरणीचं झाकण उघडत नाही. गुडघे आधीपासून झिजलेले. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) झाली, कॅल्शियम चालू आहे. स्नायूंचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे, जपून राहा."

हे 'जपून' पटत नाही म्हणून इथे विचारतेय. सार्कोपेनियाला, म्हणजे वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला, अमेरिकेत २०१६ पासून आजार म्हणून स्वतंत्र कोड आहे. आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे निकष सांगतात की बाईच्या मुठीची पकड १८ किलोहून कमी असेल किंवा हात न लावता खुर्चीतून पाचदा उठायला १२ सेकंद वा जास्त लागत असतील, तर पुढची तपासणी करावी. यांना हात न लावता एकदाही उठता येत नाही!

१९९४ साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनं घेऊन व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली, नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. आणि आमच्याकडे नातेवाइकांनी आणलंय काय, तर पावडरचे डबे.

तर प्रश्न असे. गुडघे दुखत असताना पायांवर भार द्यायचा कसा? वयस्करांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे यांना साधारण ४८ ते ५८ ग्रॅम. दुपारी भाकरी-भाजी, रात्री मऊ खिचडी, अंडं वर्ज्य, यात ती बसवायची कशी? शिवाय क्रिएटिनिन (रक्तातलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) किंचित वाढलेलं आहे. आणि हे सगळं एकत्र बघणारे डॉक्टर नेमके कोण?

प्रतिसाद : मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्रिएटिनिन वाढलंय ना, मग डबे तूर्त बंदच ठेवा. प्रथिनं किती द्यायची ते फिजिशियनना ठरवू दे. त्यांनी हो म्हटलं तर घट्ट वरण, दही, पनीर, उसळ असं प्रत्येक जेवणात थोडं थोडं वाढवा, सगळं एकाच वेळी नको. थायरॉइड, साखर, बी-१२ झालंय का? बीपी आणि हृदयाचंही त्यांना विचारून घ्या.

व्यायामाला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, समोर ओट्याचा आधार, आणि उठबस. जमायला लागलं की उशी पातळ करत जायची. बसल्या बसल्या गुडघा सरळ करणं, नंतर घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर भार कमी करा. आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीला कुणाच्या तरी देखरेखीखाली. नुसत्या चालण्याने हे भरून येत नाही.

गेल्या वर्षभरात कधी पडल्या आहेत का? ते आधी कळवा, त्यावर बरंच ठरेल.