झटपट वेषांतर: अभिनय की नुसती चलाखी?

विंगेतून: व्हिक्टोरियन लंडनमध्ये एकच माणूस भराभर वेष बदलून अख्खी संध्याकाळ हसवायचा, त्या कार्यक्रमांना नाटकाच्या इतिहासात कोणी विचारत नाही याचा मला खरंच राग येतो. डब्ल्यू. एस. वुडिन घ्या, 1855 च्या सुमारास स्ट्रँड रस्त्याजवळ त्याचा पॉलिग्राफिक हॉल जोरात होता, बायका, म्हातारे, गवई सगळं एकटाच करायचा. नुसता टोप आणि झगा बदलून भागत नाही हो, आवाज, चाल, पाठीचा बाक सगळं त्या काही सेकंदांत बदलायला लागतं. हा अभिनय नाही तर काय आहे?

तिसरी घंटा: नाही पटलं. जितका बदल झटपट तितकं पात्र पातळ, एक गाणं, दोन कोट्या की पुढचा टोप. टाळी पडते ती स्पीडला. आपल्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, प्रत्येकाला वेगळा पोशाख लागला नाही.

चाळकरी: एक मुद्दा राहतोय. थिएटरला पाप समजणारी धार्मिक कुटुंबं असल्या हॉलमध्ये बिनधास्त जायची, कारण हे ‘नाटक’ नव्हतं. त्यामुळे विनोदही सोवळाच राहिला असणार.

विंगेतून: सोवळा असेल, पण उथळ नाही. या प्रकाराचा पाया घातला इंग्रज नट चार्ल्स मॅथ्यूजने, 1818 पासूनच्या एकपात्री ‘अ‍ॅट होम’ प्रयोगांत. तरुण डिकन्स त्याच्यावर इतका फिदा होता की त्याच्या नकला घरी घोटून घोटून पाठ केल्या आणि 1832 मध्ये कोव्हेंट गार्डन थिएटरला ऑडिशनही मागितली, नेमकी त्या दिवशी सर्दी झाली म्हणून राहिली. इतक्या तऱ्हेतऱ्हेची माणसं बोलती करणारा लेखक ज्याच्याकडून शिकला त्याला पातळ म्हणायचं?

तिसरी घंटा: मॅथ्यूज मान्य. पण शेवटी काय झालं बघा ना, 1897 ला झटपट वेष बदलणारा इटालियन नट फ्रेगोली लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात गाजला आणि पुढे त्याने पडद्यामागे कपडे कसे बदलतो याचीच फिल्म दाखवली! म्हणजे कौतुक कशाचं होतं ते त्यालाच ठाऊक होतं. 1927 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका भ्रमाला त्याचं नाव दिलं, त्यात पेशंटला वाटतं समोर येणारी वेगवेगळी माणसं म्हणजे वेष बदललेला एकच माणूस. नाव फ्रेगोलीचं राहिलं, त्याचं एक तरी पात्र कोणाला आठवतं का?

विंगेतून: आठवत नाही म्हणून नव्हतंच असं कसं? मॅथ्यूजच्या प्रयोगांच्या चोरट्या पुस्तिका तेव्हा छापून विकल्या जायच्या. लोक नुसती कापडं बघायला येत असते तर संवाद पैसे देऊन घरी कशाला नेले असते?