चेसिस नंबर जुळला, पण बॉडीचं काय?
रोल्स-रॉइसची जुनी फँटम टू गाडी घेताना 'चेसिस आणि इंजिन नंबर जुळतात, म्हणजे ही अस्सलच' असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच पटतं. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस फक्त चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा, विकायची. बॉडी बार्कर, हूपर असे कोचबिल्डर, म्हणजे गाडीची बॉडी बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्या, चढवायच्या. पुढे कित्येक जड लिमोझिन बॉड्या उतरवून त्याच चेसिसवर टूररची बॉडी बसवली गेली, कारण उघड्या गाडीला भाव जास्त! म्हणून मूळ चेसिस कार्डावर, म्हणजे कंपनीच्या त्या चेसिसच्या नोंदीत, कोचबिल्डर कोण आणि बॉडी कुठल्या प्रकारची, हे आधी बघा.

आणि गाडी प्रत्यक्ष बघाल तेव्हा दार उघडून टोकाशी धरा, हलकेच वर उचला. बिजागरीपाशी खालीवर हललं तर पत्र्याआडचा ॲश नावाच्या लाकडाचा खांब कुजलेला असू शकतो. रंग कितीही चकचकीत असो, पत्रा सोडवल्याशिवाय ते लाकूड बदलता येत नाही, आणि खरा खर्च तिथेच होतो.