विषय: सभेची मेल – कोणालाच मिळाली नाही का?

सचिव:
मंडळी, रविवारच्या सभेची मेल मंगळवारीच मंडळाच्या लॅपटॉपवरून गेली. आजवर एकाचंही उत्तर नाही. कोरम झाला नाही तर मागच्यासारखं माझ्यावर ढकलू नका.

उपाध्यक्ष:
आलीय हो, पण पार तळाशी! तारीख १ जानेवारी २०१२. मेलवर पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरची तारीख पडते आणि माझा मेल प्रोग्रॅम तिच्यावरूनच क्रम लावतो. कोण खणत बसणार?

खजिनदार:
अच्छा! म्हणून त्याच लॅपटॉपवरच्या वर्गणीच्या तक्त्यात एकही थकबाकीदार दिसेना. मी उगाच खूश होतो. तक्ता ‘आज’वरून हिशेब करतो, आणि आज म्हणजे २०१२! सचिवांनी त्यात काही बदललं नसेल अशी आशा. तक्त्याची जबाबदारी माझी.

सचिव:
उघडलाही नाही. ब्राउझरमध्ये एक साइट उघडत नव्हती, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणे. मेल प्रोग्रॅमनेही दोनदा इशारा दिला, मी ‘पुढे चला’ दाबलं.

वेबसाइटवाला:
असं दाबू नका हो. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्याला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०१२मध्ये बसलेल्या लॅपटॉपच्या लेखी ती प्रमाणपत्रं अजून जन्मायची आहेत.
लॅपटॉप आठ महिने कपाटात पडून होता. मोठी बॅटरी उतरली, घड्याळाचा छोटा सेलही गेला असणार. बहुतेक सीआर२०३२ नावाचा बटणासारखा चपटा सेल, ३ व्होल्टचा. काही लॅपटॉपमध्ये तो वायरसकट मिळतो, तेव्हा उघडून बघूनच आणा. आणि नुसतं ‘आपोआप वेळ’ चालू करून भागेलच असं नाही. फरक १५ तासांच्या वर गेला की विंडोज स्वतःहून दुरुस्त करायला कां कू करतं. आधी हाताने तारीख घाला, मग सिंक करा, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्या.

काका:
यावरून आठवलं. आमच्या ऑफिसात एकाने ३० दिवसांचा ट्रायल प्रोग्रॅम फुकट वापरायला मुद्दाम तारीख मागे नेली. प्रोग्रॅम काही फसला नाही. बॅकअप मात्र फसला, नव्या फायली जुन्या समजून वगळत बसला. कपाटात ठेवलेल्या वस्तूकडे अधूनमधून बघावं.

खजिनदार:
काका, कपाट माझ्या घरी आहे म्हणून हा टोमणा का? लॅपटॉप चार्ज करत राहायचा असा ठराव कधी झालेला नाही.

सचिव:
ठरावाचं रविवारी बघू. तारीख हाताने घातली, मेल परत पाठवली. बघा.

उपाध्यक्ष:
आली. आता सगळ्यात वर बसलीय आणि हलत नाही. अहो, त्या लॅपटॉपमध्ये महिना आधी लिहायचा असतो. ५ मार्चऐवजी ३ मे झालंय!

खजिनदार:
तक्ता कोणीही उघडू नका.