शब्दांविना इलेक्ट्रॉनिक रचना: अर्थ आणायचा कुठून?

मंद्रसप्तक (प्रश्न)
सोलापुरात घरीच लॅपटॉपवर वाद्यसंगीत करतो. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), सर्ज एक्सटी (सॉफ्टवेअरमधला सिंथेसायझर) आणि लॅपटॉपला जोडायचा 25 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड एवढीच सामग्री. आठ बारचा लूप (चार-चार मात्रांचे आठ तुकडे, फिरून फिरून वाजणारे) छान जमतो, पण पुढे सरकत नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की आवाज प्रीसेटमधले (सॉफ्टवेअरबरोबर आयते मिळालेले), ठेकाही प्रीसेटमधला, शब्द तर नाहीतच. मग ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं काय? राग-तालाची तोंडओळख आहे. सुरुवात कुठून करू?

धोटा
सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यापासून करा. साध्या यंत्रमागाच्या प्रत्येक फेरीत दोन आवाज असतात: धोटा फेकला जातो तो कोरडा ठोका आणि फणी कापडावर आदळते तो जड. दोन्हींमधलं अंतर समान नसतं, म्हणून ठेका झुलतो. ही झूल मोजता येते आणि तुमच्या ड्रमच्या ट्रॅकला देता येते.

मालकाला विचारूनच रेकॉर्ड करा, कामगारांचं बोलणं येऊ देऊ नका, कानात बोळे घाला. मोबाइलचं ऑटो गेन (पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद हवं, नाहीतर प्रत्येक ठोक्यानंतर मागचा गोंगाट उसळून वर येतो. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सर्वोच्च पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास. मागाला खेटून उभं राहू नका, दाराशी थांबा. आवाज माइकमध्येच फाटला तर नंतर पातळी उतरवून काही हाती लागत नाही.

मग 20 फेऱ्यांचा वेळ मोजा. 10.9 सेकंद आले तर वेग मिनिटाला 110 फेऱ्या. पट्टा घसरतो, वेग हलतो. म्हणून लांब रेकॉर्डिंग ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेघांवर) ओढत बसू नका. स्वच्छ अशा 8-10 फेऱ्या कापा आणि आलटूनपालटून वाजवा. एकच फेरी सारखी वाजली की कानाला ती मशीनगन वाटते.

रूपक_सात
मोजणी पटली. पण मागाचा आवाज घातला म्हणून रचना सोलापूरची होत नाही, ती नुसती नोंद राहते. शब्द नसतात तेव्हा अर्थ बदलातून लागतो: आधी काय लपलं होतं आणि ते कधी उघडं पडलं. म्हणून एका रचनेत एकाच आवाजाला प्रवास करू द्या.

हाच माग घ्या. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच (आवाज लांबवणारा इफेक्ट) लावून दहापट ताणा. ठोके विरघळतात, सलग खरखर उरते. तिला सूर द्यायचा तर दोन छोटे डिले (आवाज क्षणभराने परत वाजवणारे इफेक्ट) लावा. सा काळी एक म्हणजे 138.6 हर्ट्झ, त्याला 7.22 मिलिसेकंद, पंचमाला 4.81. फीडबॅक (परत आलेला आवाज किती पुन्हा फिरवायचा ते) 85 ते 90 टक्के. 95 च्या पुढे गेलात तर आवाज हाताबाहेर जातो, तेव्हा शेवटी लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा इफेक्ट) असू द्या. हा तुमचा तंबोरा. पहिली दोन मिनिटं तो तंबोराच वाटला पाहिजे. मग डिले हळूहळू उतरवत न्या, ताणही कमी करत आणा, आणि शेवटी उघडा माग ऐकू द्या. ऐकणारा तिथे चमकतो, कारण सुरुवातीपासून तो मागच ऐकत होता. माझ्या मते अर्थ इथे आहे, प्रीसेट बदलण्यात नाही.

सुरावटीला वृंदावनी सारंग घ्या, दुपारचा राग, आपल्या उन्हाला शोभतो. गंधार-धैवत वर्ज्य, निषाद चढताना शुद्ध, उतरताना कोमल. त्यामुळे अर्पेजिएटर (धरलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय) रँडमवर ठेवलात की राग मोडतो. चढता आणि उतरता असे दोन वेगळे ट्रॅक करा. कीबोर्डचा शुद्ध नी 12 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 सेंट) चढा असतो आणि लांब धरला की पंचमाशी थरथरतो. सर्जमध्ये एससीएल फाइल (सप्तकातल्या सुरांची अंतरं सांगणारी) लावून तो सापासून 1088 सेंटवर आणा. मात्र नुसती एससीएल लावली तर सा मिडीतल्या 60 नंबरच्या पट्टीवर (पांढरी एक) बसतो. काळी एकसाठी केबीएम फाइलमध्ये (सा कोणत्या पट्टीवर ते सांगणारी) 61 लिहावं लागतं.

आडवा_धागा
लूपचा तिढा सोडवायला: सगळे ट्रॅक 96 बारपर्यंत कॉपी करा (110 च्या वेगाला साधारण साडेतीन मिनिटं) आणि मग फक्त खोडत चला. नवीन काही घालायचं नाही.

मंद्रसप्तक
माग तर सरळ चालतो. त्यावर सात मात्रांचा रूपक ताल बसेल का?

रूपक_सात
बसेल. 7/4 (एका बारमध्ये सात मात्रा) लावा, प्रत्येक मात्रेला मागाची एक फेरी. 110 ला आवर्तन 3.8 सेकंदांचं होतं. एकच जपा: रूपकाची सम (पहिली मात्रा) खाली, म्हणजे टाळीविना असते. सवयीने पहिल्या मात्रेवर किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) टाकलात तर रूपकाचा तोल जातो आणि नुसता सातचा हिशोब उरतो. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर घ्या, समेवर फक्त फणीचा ठोका राहू द्या. त्या ठोक्याचा 80 हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर तो किकशी भांडतो. आणि आडवा_धागा यांचे 96 बार इथे 55 आवर्तनं धरा.