'मेइजी जिंगू आणि हाराजुकू' या पोस्टला उत्तर

मेइजी जिंगू हे टोकियोतलं शिंतो देऊळ, हाराजुकू भागाला लागून. त्याच्या जंगलाला त्या पोस्टमध्ये 'टोकियोने जपलेली प्राचीन देवराई' म्हटलंय. देवराईसारखं वाटतं हे खरं, पण प्राचीन मात्र नाही. हे देऊळ 1920 सालचं, आणि सुमारे 70 हेक्टरचं हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. जपानभरातून लोकांनी जवळजवळ 1 लाख झाडं दान दिली. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांना निक्को या देवस्थानासारखे उंच सुगी (जपानी देवदार) वृक्ष हवे होते. वनशास्त्रज्ञ होंडा सेइरोकू आणि सहकाऱ्यांनी मात्र ओक, कापूर अशी रुंद पानांची सदाहरित झाडं निवडली, म्हणजे पुढे जंगल आपलं आपण वाढेल. शंभर वर्षं पुढचं बघून केलेलं हे काम मला फार थोर वाटतं! वाटेवरचा पाचोळा झाडून आजही झाडांखालीच टाकतात, तेवढं आवर्जून बघा.

त्याच पोस्टमधलं 'बाहेरच्या दुकानांनी शांतता घालवली' हे मात्र पटलं नाही. ओमोतेसांदो हा रस्ता मुळात या देवळाकडे जाण्यासाठीच बांधला. दुकानं नंतर आली. देऊळ सूर्योदयाला उघडतं, हाराजुकूतल्या ताकेशिता गल्लीतली दुकानं बरीच उशिरा. त्यामुळे आधी जंगल, मग क्रेप खायला गल्लीत, असा क्रम ठेवावा.